ग्लुकोजचे दोन तास

ही केस माझ्या वहीत आईच्या नावावर आहे, मुलाच्या नाही. गरोदरपणात मधुमेह निघालेल्या बायकांचं पुढे काय झालं याचा माग काढणं, हे माझं गेल्या काही वर्षांतलं काम. इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात फोन लावते. संशोधन म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शक आठवतो. माझ्या संशोधनात सगळ्यात जास्त झिजलाय तो मोबाइलचा चार्जर. ‘बाळंतपणानंतरच्या तपासणीला आला नाहीत’ असं मी म्हणते आणि पलीकडून बहुतेक वेळा येतं, ‘कुठली तपासणी?’

या बाई चौथ्या फोनला म्हणाल्या, ‘गणपती जाऊ द्या मॅडम, मग येते.’ सप्टेंबर २०२५ मध्ये खरंच आल्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले, सासरे भोपाळला गेलेले, म्हणून तीन वर्षं दोन महिन्यांच्या मुलाला सोबत घेऊन. तो त्या दिवशी आला नसता तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालंच नसतं. (कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधीची हकीकत

आई ३३ वर्षांच्या. सासर इंदूरच्या रामबागेत, माहेर जळगाव. एका खासगी शाळेच्या ऑफिसात नोकरी. २०२२ च्या उन्हाळ्यात, पहिल्या गरोदरपणी, २८ व्या आठवड्यात इंदुरातच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं गेलं. आकडा आला १६८. आपल्याकडे गरोदर बायकांसाठी जी पद्धत वापरतात तीत १४० किंवा त्याहून जास्त आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात, आणि उपाशीपोटी येण्याची अट नसते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी ही पद्धत आग्रहाने रुजवली. बाई आज आली आहे तर आजच तपासा, ‘उद्या उपाशी या’ म्हणालात तर ती येईलच असं नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण.

घरच्यांना त्या वेळी पटलंच नव्हतं. ‘ही कुठे जाड आहे?’ गरोदरपणाआधी वजन ५४ किलो, उंची १५३ सेंटिमीटर. दिसायला बारीकच. पण आपल्या लोकांत शरीर बारीक आणि चरबी भरपूर हा मामला नवा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी विद्यार्थ्यांना तो फोटो दाखवते तेव्हा वर्गात पहिल्यांदा हसू येतं आणि मग सगळे गुपचूप आपापल्या पोटाकडे बघतात.

आहार सांभाळला, शुगर आटोक्यात राहिली. डोहाळजेवण झालं आणि रिवाजाप्रमाणे त्या माहेरी गेल्या. जळगावात बाळंतपण सुखरूप, बाळ ३ किलो ३०० ग्रॅम. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं की सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी.

ती ओळ कुणीच वाचली नाही. इंदूरच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ही बाई जळगावला गेली. जळगावच्या डॉक्टरांच्या दृष्टीने मधुमेहाची फाइल इंदूरला. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज बाईला विसावा देतो, यात वाद नाही. पण तिची कागदपत्रं दोन गावांच्या, आणि इथे तर दोन राज्यांच्या, मधोमध पडतात. यात मला सगळ्यात जास्त काय खटकतं ते सांगते. बाळाचा पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस नेमका सहाव्या आठवड्यात असतो. त्या दिवशी आई बाळाला घेऊन दवाखान्यात होती. बाळाला टोचलं, पोलिओचे थेंब दिले, आईच्या हातात ताप आल्यास द्यायचं औषध दिलं. तिच्या बोटातून एक थेंब रक्त घेणं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

ते दोन तास

आमच्या तपासणीत आधी उपाशीपोटीचं रक्त घेतो, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून देतो, आणि मग दोन तास बसायचं. खायचं नाही, फार हिंडायचं नाही. या दोन तासांवर माझ्या अर्ध्या अभ्यासाचं घोडं अडतं, कारण नोकरी करणाऱ्या बाईकडे सकाळचे दोन तास कुठून येणार? त्या दिवशी मात्र ते दोन तास फुकट गेले नाहीत.

मुलगा कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीजवळ गेला आणि कागदी पेले काढून भिंतीच्या कडेने ओळीने लावू लागला. अकरा पेले. मध्ये शिपाई चालत गेला, दोन पडले, तेव्हा मुलाने टाहो फोडला आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा लावले. आईने त्याला नावाने तीन-चारदा हाक मारली. मान वळली नाही. पलीकडे कुणीतरी बिस्किटाचा पुडा उघडला, ती चुरचुर ऐकून तो लगेच वळला. पाणी हवं झालं तेव्हा आईकडे न बघता तिचं मनगट धरलं आणि तिचा हात नळावर नेऊन ठेवला, चमचा धरावा तसा.

मग बाहेर रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली. इंदुरात राहणाऱ्याला त्या गाडीवरचं गाणं सांगायला नको, ते झोपेतही ऐकू येतं. मुलाने ते सगळं गाणं, हिंदी शब्दांसकट, सुरात म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘बघा, बोलतो की,’ आई घाईने म्हणाल्या. ‘हिंदी बोलतो. मराठीच येत नाही अजून.’ मी विचारलं, ‘आई म्हणून हाक मारतो?’ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नाही. हिंदीतही नाही.

मुलांच्या विकासातली मी तज्ज्ञ नाही. निदान करायचा मला अधिकार नाही आणि एका सकाळी कुणालाच ते करता येऊ नये. पण रांगेतले पेले, हाकेला न वळणारी मान, दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरणं आणि अर्थाशिवाय जसंच्या तसं म्हटलेलं गाणं, हे चारही एका जागी दिसल्यावर डोळे मिटून घेणं हाही गुन्हाच. विषय कसा काढावा या विचारात होते तोवर दोन तास भरले, रक्त घेतलं. उपाशीपोटी १३१, दोन तासांनी २२६. मधुमेहाची रेषा १२६ आणि २०० वर आहे. दोन्ही ओलांडलेल्या.

मी आकडे सांगितले. मला वाटलं, त्या गोळ्यांबद्दल विचारतील, जेवणाबद्दल विचारतील. त्यांनी मुलाकडे बघत विचारलं, ‘मॅडम, हा असा आहे तो माझ्या शुगरमुळे ना?’

माझं वाक्य

‘असं कुणी सांगितलं?’ मी म्हणाले.

‘तुम्हीच.’

मे महिन्यात एका मराठी मंडळाच्या सभागृहात माझं भाषण होतं, विषय गरोदरपणातला मधुमेह. नुकताच एप्रिलमध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता: जगभरचे २०२ अभ्यास, ५ कोटी ६० लाखांहून अधिक आई-मुलांच्या जोड्या. आईला गरोदरपणी मधुमेह असेल तर मुलात ऑटिझमचं, म्हणजे संवाद आणि वागणं वेगळ्या पद्धतीने वाढण्याच्या अवस्थेचं, निदान होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी जास्त दिसली. मी ते व्यासपीठावरून सांगितलं. लोकांनी तपासणी मनावर घ्यावी म्हणून जरा आवाज चढवूनच सांगितलं. सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या.

त्यांनी घरी नेलेलं वाक्य असं होतं: शुगरवाल्या बाईची शंभरातली पंचवीस मुलं अशी निघतात. दर चौथं मूल. त्या आधी दोन वर्षं घरात ‘मुलगे उशिराच बोलतात, ह्याचे बाबाही तीन वर्षांचे होईस्तोवर मुके होते’ असं चाललं होतं. भाषणानंतर ते थांबलं आणि दुसरं सुरू झालं. डोहाळजेवणात कुणी किती पेढे खाल्ले, सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबी खायचा हट्ट कुणी केला होता, सगळं पुन्हा उकरून झालं. आणि गंमत अशी की (गंमत म्हणवत नाही) मुलाला डॉक्टरकडे मात्र तरीही कुणी नेलं नाही. कारण सापडलं होतं. कारण सापडलं की माणसाला वाटतं, काम झालं.

माझे पहिले तीन फोन त्यांनी का टाळले, तेही मला तेव्हाच कळलं. त्यांना ते समन्स वाटत होतं.

यात आईच्या माथी मारण्याची खोड जुनी आहे. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरला ११ मुलांचं वर्णन करून वैद्यकशास्त्राला ऑटिझमची ओळख करून दिली, त्याच लेखात पालकांच्या थंड स्वभावाचा उल्लेख केला. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी त्याचा इतका प्रचार केला की ‘फ्रिजसारख्या थंड आया’ ही शिवी अमेरिकेत एक पिढीभर चालली. कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून तुम्ही निर्दोष आहात असं सांगितलं खरं, पण तोवर हजारो बायकांनी स्वतःला दोषी मानून घेतलं होतं. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांच्या जोरावर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर आळ घेतला. २०१० मध्ये तो लेख ‘लॅन्सेट’ने मागे घेतला, तरी आजही लसीकरणाच्या रांगेत मला तो प्रश्न विचारतात. या यादीत माझं एक वाक्य जाऊन बसेल असं मला मे महिन्यात वाटलं नव्हतं.

चारशे ठिपके

त्या दिवशी मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि ठिपके काढत समजावू लागले. शंभरात पंचवीस नाही, हे आधी सांगितलं. ऑटिझमचं प्रमाण ढोबळ मानाने शंभर मुलांत एक. भारतात पाच ठिकाणी घरोघरी जाऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातलं प्रमाणही या आसपासच येतं. म्हणजे ज्या आयांना शुगर नव्हती त्यांची ४०० मुलं घेतली तर ४. शुगर असलेल्यांची ४०० घेतली तर २५ टक्के जास्त, म्हणजे ५. उरलेली ३९५ मुलं दोन तास ग्लुकोज पिऊन बसलेल्या आयांचीच, आणि त्यांना ऑटिझम नाही.

‘त्या पाचांतला हा कितवा?’ त्यांनी विचारलं.

इतका नेमका प्रश्न मला एकाही परिषदेत कुणी विचारलेला नाही. उत्तर असं की कुणालाच सांगता येत नाही. पाचांतले चार शुगर नसतानाही झालेच असते. पाचवा जास्तीचा आहे, पण तो कोणता हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. लोकसंख्येतून काढलेला आकडा पुढे बघायला, धोरण आखायला उपयोगाचा. एका मुलाकडे बोट दाखवून तो उलटा चालवता येत नाही.

आणि तो पाचवाही शुगरच्याच खात्यावर टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न. त्याच आढाव्यात भावंडांची तुलना करणारे अभ्यास होते. आई तीच, एका वेळी शुगर होती, एका वेळी नव्हती. जर शुगरच खरी गुन्हेगार असेल तर दोन भावंडांत फरक दिसायला हवा. त्या तुलनेत संबंध दिसेनासा झाला. मग कदाचित आनुवंशिकता, आईच्या शरीराची ठेवण, घरातलं आणखी काही, असं जे दोन्ही मुलांना सारखंच मिळतं त्यातून शुगर आणि ऑटिझम दोन्हीकडे वाट जात असेल. हे मी भाषणात सांगितलं नव्हतं. वेळ कमी होता, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं.

इथे एक बारकावा आहे तो सोडवत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ३,२२,३२३ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात ज्यांची शुगर २६ आठवड्यांच्या आत सापडली त्यांच्या मुलांत धोका वाढलेला दिसला, नंतर सापडलेल्यांत नाही. या बाईंची सापडली २८ व्या आठवड्यात. म्हणजे सुटल्या? तसं म्हणण्याचा मोह झाला, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तर फारच. पण आपल्याकडे उशिरा सापडणं आणि उशिरा सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाप्रमाणे पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा अशी दोनदा चाचणी व्हायला हवी. यांची पहिली झालीच नव्हती. शुगर आधीपासून असेल, नसेलही. कॅलिफोर्नियाची घडी रामबागेच्या अंगाला तशीच्या तशी बसत नाही, मग ती दिलासा देणारी असली तरी.

मोठा आकडा

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या किती पट? २००९ च्या एका मोठ्या आढाव्यात सातपटीहून जास्त, २०२० च्या आढाव्यात जवळजवळ दहापट. मुलाच्या ऑटिझमबाबत जो आकडा होता तो सव्वापट.

सव्वापटीने त्या घरात चार महिने चूल धुमसत होती. सातपट-दहापटीने कुणाची झोप उडाली नव्हती, कार्डावरच्या शेवटच्या ओळीत ती निवांत पडून होती. सव्वापटीचं काहीच करता येण्याजोगं नव्हतं, मूल जन्मून तीन वर्षं झाली होती. सातपटीचं मात्र पुष्कळ करता आलं असतं. वेळेत कळलं असतं तर चालणं, वजन, जेवणातला भात-पोह्यांचा हिशेब, लागलं तर औषध, यांनी मधुमेह लांबवता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ मध्ये सांगितलं की देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख. त्या उंबरठ्यावर या बाई बहुधा वर्ष-दोन वर्षं उभ्या असतील. आम्ही कुणी बघायला गेलो नाही.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.४ आली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली. शाकाहारी असल्याने बी१२ जीवनसत्त्व तपासून घेतलं, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास ते आणखी खाली जातं. आधीच तळाला होतं. जेवणाचं बोलताना त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, ‘पोहे तर हलके असतात ना?’ इंदुरात हा प्रश्न धर्मप्रश्नासारखा जपून हाताळावा लागतो. पोहे बंद केले नाहीत. अर्धी बशी, वर मूठभर मोड आलेले मूग, शेवेची मूठ चिमटीवर, जिलबी रविवारी आणि तीही एक. हे त्या पाळतात. पूर्ण बंद केलं असतं तर आठवड्यात सोडून दिलं असतं आणि मला खोटं सांगितलं असतं.

मुलाचं पुढे

आधी कान तपासले. हे लोक विसरतात. ऐकूच येत नसेल तर हाकेला कोण वळणार? ऐकणं उत्तम. मग बालविकास तज्ज्ञांनी दोन भेटींत पाहून ऑटिझमचं निदान केलं. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. गुण ४० ते २००, ७० पासून ऑटिझम, १०६ पर्यंत सौम्य. याचे ९८. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, प्रमाणपत्र मिळतं, त्यावर ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा विमा मिळतो आणि त्यात थेरपीही धरलेली आहे. ‘दिव्यांग’ शब्दावर आजोबा तीन आठवडे अडले होते. शेवटी नातवाच्या फायद्याचं आहे म्हणून सही केली, पण कागद कपाटात वरच्या खणात ठेवला.

सरकारी व्यवस्थेत हे आधी पकडायची सोय २०१३ पासून कागदावर आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जिल्ह्याला एक लवकर हस्तक्षेप केंद्र. दीड वर्षाच्या सुमारास गोवरची दुसरी मात्रा आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो, आणि १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आईला विचारायची वीस प्रश्नांची एक सोपी यादी जगभर वापरतात. या मुलाला तो बूस्टर वेळेवर मिळाला होता. प्रश्न कुणी विचारले नाहीत. पुन्हा तेच: मूल दवाखान्यात होतं.

थेरपी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात नवं संकट. एका ठिकाणी सांगण्यात आलं की तीन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतोय, घरात फक्त हिंदी बोला. इंदूरच्या मराठी घरांत हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की मला त्याची चीड आहे. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि असलेला वाढतही नाही. अशा मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांच्या घरातली मुलं त्यामुळे मागे पडलेली दिसत नाहीत. उलट या घरात हिंदीची सक्ती म्हणजे आजीला गप्प बसवणं. त्यांची हिंदी भाजीवाल्यापुरती. दिवसातले नऊ तास मूल आजीजवळ. मुलाशी बोलायला हवं म्हणायचं आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाला कुलूप लावायचं, हा कुठला न्याय?

मी आजींना बोलावलं. त्या आल्या त्या अपराधी चेहऱ्याने, कारण तोवर चारशे ठिपक्यांचा कागद घरी पोचला होता. ‘डॉक्टरबाई, मी तिला फार बोलले हो.’ मी म्हटलं, ‘काकू, चूक आधी माझी आहे. मी अर्धंच सांगितलं होतं.’ हे म्हणणं सोपं गेलं नाही, पण त्यानंतर त्या मोकळ्या झाल्या.

२०१६ मध्ये गोवा आणि रावळपिंडी इथे एकत्र झालेला एक अभ्यास मला या कामी फार आवडतो. ६५ मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आई-मुलाच्या खेळण्याचा व्हिडिओ काढायच्या आणि आईलाच दाखवायच्या: इथे तुम्ही थांबलात, बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं. पालकांचं मुलाच्या सुरात सूर मिळवणं वाढलं आणि मुलंही आपणहून जास्त पुढाकार घेऊ लागली. आमच्याकडे तशी फौज नाही. एक इंटर्न मुलगी आणि तिचा मोबाइल होता.

आजींनी स्वतःच युक्ती काढली. नातवाला कचरागाडीचं गाणं आवडतं ना, मग त्यांनी ते हिंदी गाणं पाठ केलं, सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईने. एक ओळ म्हणायच्या आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायच्या. त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, काही न बोलता, भुवया वर करून. पहिले दहा-बारा दिवस त्याने त्यांचा हात ढकलला. मग एकदा डोळ्यात बघून शब्द पूर्ण केला. पुढे त्या थांब्यांत मराठी शब्द शिरले: पाणी, दे, अजून. डिसेंबरात त्याने ‘आजी’ म्हटलं. ‘आई’ जानेवारीत. हा क्रम आईंच्या मनाला लागला, हेही लिहून ठेवते.

मधल्या काळात नवरात्राच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांचा मेसेज आला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध जोडल्याची बातमी, आणि खाली: ‘मॅडम, हिने पाचव्या महिन्यात तापात चार गोळ्या घेतल्या होत्या.’ मी स्वीडनच्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ मधल्या अभ्यासाबद्दल लिहिणार होते, त्यातही भावंडांच्या तुलनेत संबंध उरला नव्हता. तेवढ्यात त्यांचाच दुसरा मेसेज आला. ‘भावंडांची तुलना केलीय का त्यांनी?’ त्या दिवशी मी विभागात चहा पाजला.

आमच्या बाजूला काय बदललं

फार नाही. आमच्या लसीकरणाच्या बुधवारी सहा आठवड्यांच्या बाळासोबत आलेल्या आईला, गरोदरपणी शुगर होती का एवढं विचारतो. हो म्हणाली तर लशीच्या रांगेत बसण्याआधी ग्लुकोज. रांग, लस, त्यानंतर बाळाला अर्धा तास थांबवायचं, यात बराच वेळ तसाही जातो; उरलेल्या वेळात दीड-दोन वर्षांची मुलं असलेल्यांना विकासाचे प्रश्न. माहेरवाशिणींसाठी कार्डाची ती शेवटची ओळ आता मराठी आणि हिंदीत, वरच्या बाजूला, लाल शाईत छापतो. उपाशीपोटीची अट पाळता येत नाही म्हणून सहकारी माझ्याशी भांडतात, आणि शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे. बाळ पाजणारी बाई सकाळी उपाशी येत नाही हे माझं उत्तर. ज्यांचा आकडा वर येतो त्यांना रीतसर चाचणीला पुन्हा बोलावतो. काही येतात.

मार्चमध्ये दोघं नवरा-बायको आले. एचबीए१सी ६.४. मुलाला नर्सरीत घेतलंय, त्याला आता बारीक शेवेखेरीज वरणभातही चालतो. येण्याचं खरं कारण नंतर निघालं. दुसरं मूल हवं आहे.

शुगरचं सांगणं सोपं होतं: दिवस राहण्याआधी आकडा ६.५ च्या खाली ठेवा, औषधांचं आधी ठरवू, आणि या वेळी पहिल्या भेटीपासून तपासणी. अवघड आकडा दुसराच होता. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडाला ऑटिझम असण्याचं प्रमाण मोठ्या अभ्यासांत सुमारे २० टक्के निघालंय. हा आकडा शुगरच्या सव्वापटीपेक्षा कितीतरी मोठा, आणि तो सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मे महिन्यातलं सभागृह आठवलं.

या वेळी टक्के उच्चारलेच नाहीत. कागदावर पाच गोल काढले, एक भरला, चार कोरे ठेवले. तो भरलेला गोल म्हणजे कदाचित याच्यासारखा, कदाचित याच्याहून सोपा किंवा अवघड, हेही सांगितलं. वडील कोऱ्या चार गोलांकडे बघत होते. आई भरलेल्या एकाकडे. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘यात शुगरचा गोल कोणता?’ आईंनी विचारलं.

‘यात तो नाहीच.’

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये, ग्लुकोमीटरच्या पाकिटात ठेवली. पुढची तारीख जूनची आहे. काय ठरलं ते तेव्हा सांगतील, किंवा नाही सांगणार.